पाऊस आधी पाडा, राजधानी मग वसवा

टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी तुम्ही कल्पनेनं रचलेला वज्रदेश नीट बघितला. उत्तरेला बर्फाचे डोंगर, मधोमध वाळवंट, वाळवंटाच्या पोटात रत्नपूर ही राजधानी. बर्फातून निघालेली शुभ्रा नदी रत्नपूरला येऊन दोन फाट्यांत फुटते, एक फाटा पूर्वेच्या समुद्राला जातो आणि दुसरा पश्चिमेच्या. आग्नेयेला घनदाट जंगल. देशाची रुंदी तीन हजार किलोमीटर. तुमची तक्रार अशी की सांगलीतला तुमचा ग्रुप या नकाशाकडे ढुंकूनही बघत नाही. ‘आम्ही रत्नपूरला जातो’ म्हणतात आणि पोचतात. भूगोल खरा कसा वाटेल, देश केवढा असावा आणि नकाशा कशात काढावा, असं तिहेरी विचारलंय.

खेळाडूंना बोल लावू नका. या नकाशावर कुठूनही कुठेही जाताना काही अडत नाही, मग त्यांनी बघायचं कशाला? मी साताऱ्यात गेली बरीच वर्षं गेम मास्टर म्हणून, म्हणजे खेळाचं जग रचून गोष्ट पुढे नेणारा म्हणून, टेबल चालवतोय आणि माझं मत ठाम आहे: खेळातला भूगोल नटवण्यासाठी नसतो, अडवण्यासाठी असतो. कुठून जायचं, कोणत्या महिन्यात जायचं आणि वाटेत कुणाचे पाय धरायचे, हे तीन प्रश्न पार्टीपुढे, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीपुढे, उभे राहिले की भूगोल चालला. आणि हे तिन्ही प्रश्न पाण्यातून निघतात. म्हणून राजे, वंश, ड्रॅगन सगळं बाजूला ठेवून आधी वारा कुठून येतो ते ठरवा.

उदाहरणासाठी तुम्हाला लांब जायला नको. अरबी समुद्रावरून आलेले पावसाळी ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढताना गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पसरणी घाट उतरून वाईला या, रस्त्यानं बत्तीसेक किलोमीटर, पाऊस हजाराच्याही खाली येतो. आणखी पूर्वेला दहिवडी-आटपाडीकडे तो पाचशेच्या आतबाहेर खेळतो, तोही मर्जी असेल तर. एकाच सांगली जिल्ह्यात शिराळ्याचा शेतकरी भाताची लावण करत असतो तेव्हा जतचा आभाळाकडे बघत असतो. यात कुठल्या मांत्रिकाचा शाप नाही. मधे फक्त एक डोंगररांग आहे.

आता वज्रदेशावर पश्चिमेच्या समुद्राकडून एक बाण काढा. तुमची डोंगररांग उत्तरेवरून उचला आणि पश्चिम किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण अशी उभी करा. तिला आडकडा म्हणू. वाऱ्याच्या अंगाला तुमचं घनदाट जंगल जाईल, पाठीमागे तुमचं वाळवंट. दोन्ही वाचली, नुसती जागा बदलली आणि दोघांना कारण मिळालं. मात्र वाळवंट म्हणून वाळूचे डोंगर काढू नका. माणदेशासारखा कोरडा माळ काढा: बाभळी, बोरी, खडकाळ रान, आणि पाऊस झालाच तर दोन दिवस दोन्ही थडी भरून वाहणारा व एरवी वाळू दाखवणारा ओढा. अशा मुलखात माणसं राहतात, आणि माणसं राहतात तिथेच खेळ होतो.

शुभ्रेचं बघू. नद्या खाली जाताना एकत्र येतात, फुटत नाहीत. समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात ते वेगळं, पण देशाच्या मध्यावर एक नदी दोन समुद्रांना पाणी वाटत बसत नाही. तरी तुम्हाला ते दोन समुद्र सोडायचे नसतील तर सोडू नका. क्षेत्र महाबळेश्वरला एकाच डोंगरमाथ्यावरून कृष्णा पूर्वेला निघते आणि सावित्री पश्चिमेला. अरबी समुद्र कृष्णेच्या उगमापासून जेमतेम चौसष्ट किलोमीटरवर, आणि ती मात्र चौदाशे किलोमीटरची वाट तुडवून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे नदी एक ठेवायची नाही, माथा एक ठेवायचा. त्या माथ्यावर एखादं देऊळ ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या राजांना तिथल्या पुजाऱ्याची मर्जी राखायला लावा. निम्म्या मोहिमेचं राजकारण तिथेच उभं राहतं.

याहून खमंग गोष्ट कोयनेची आहे. नदी पूर्ववाहिनी खोऱ्यातली, पण तिच्यावरच्या शिवाजीसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांमधून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, त्या उतारावर वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. पूर्वेला शेतं तहानलेली असताना पाणी पश्चिमेला का सोडायचं, हा वाद आपण लहानपणापासून ऐकतो. वज्रदेशात हेच काम एखाद्या बुडालेल्या साम्राज्यानं केलेलं असू द्या. आडकड्याच्या पोटात एक बोगदा आहे, त्याची दारं हजार वर्षं बंद आहेत. कोरड्या माळावरच्या लोकांच्या दंतकथेत तो शुभ्रेचा चोर आहे, किनाऱ्यावरच्यांच्या दंतकथेत तो त्यांचा हक्क आहे. दार कोणत्या बाजूनं उघडायचं, हे तुमच्या पार्टीच्या हातात द्या. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि जलाशयातलं पाणी व भूकंप यांचा संबंध जगभर अभ्यासला गेला. तेव्हा तुमच्या जलाशयाखाली काहीतरी झोपलेलं असलं तर त्याला पाण्याचा भार आवडतो की नाही, तेही ठरवून ठेवा.

रत्नपूर आता वाळवंटात राहत नाही, ते संगमावर जातं. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा अक्षरशः समोरासमोर येऊन भेटतात. कोयना आधी डोंगरामागून दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते, आणि कऱ्हाडला कृष्णेच्या तोंडावर येऊन उभी राहते. खडक आणि डोंगर जशी वाट देतील तशी नदी वळते. नकाशावर नागमोडी काढायची म्हणून नागमोडी काढली की लगेच कळतं. खाली हरिपूरला वारणा मिळते, त्याच्याही खाली नरसोबावाडीला पंचगंगा. प्रत्येक संगमावर देऊळ, बाजार आणि तंटा, तिन्ही आपोआप येतात.

आणि पूर येतो. तुम्ही सांगलीचे, पुराबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. पण खेळासाठी त्यातली एक गोष्ट सोन्यासारखी आहे: पाऊस पश्चिमेच्या डोंगरात पडतो आणि पाणी सपाटीवरच्या शहरात चढतं. कधीकधी शहरात ऊन असतं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पातळी वाढतच असते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली. सगळं गाव एका आकड्याकडे डोळे लावून बसलेलं असतं. गेम मास्टरला याहून चांगलं घड्याळ कुठे मिळणार?

रत्नपूरच्या पुलाच्या एका खांबावर हाता-हाताच्या अंतरानं खुणा कोरा. दहाव्या खुणेला घाटावरची पिंड बुडते आणि पुजारी मूर्ती घेऊन वर येतो. बाराव्याला कुंभारवाडा सामान बांधायला लागतो. चौदाव्याला नावाडी तिप्पट दाम मागतात, आणि पार्टीकडे तेवढे पैसे नसतात. सोळाव्याला धान्याच्या वखारीत पाणी शिरतं. सतराव्याला कोतवालीच्या तळघरातल्या कैद्यांचं काय करायचं यावर कोतवाल आणि कारकून भांडतात. अठराव्याला पूल बंद. खेळातला एक दिवस उलटला की एक सहा बाजूंचा फासा टाका: पाच किंवा सहा पडला तर पाणी दोन खुणा चढलं, तीन-चारला एक, दोनला तेवढंच, एकला एक खूण उतरलं. पार्टी आडकड्यावर भटकत असली तरी फासा टाकायचा, उघड टेबलावर टाकायचा. तिसऱ्या फाश्यानंतर कुणीतरी विचारतंच, ‘आपण परत जाईपर्यंत पूल राहील का?’ तो नकाशा त्या दिवसापासून ते बघायला लागतील.

धरणाचा फाटा घालायचा असेल तर नदीच्या खालच्या अंगाला दुसरं राज्य ठेवा आणि त्यानं एक धरण बांधलेलं असू द्या. त्याच्यामुळे आपल्याकडे पाणी तुंबतं की नाही यावर रत्नपूरच्या दरबारात दोन तट. आपल्याकडे हा विषय काढला की चहा गार होतो, म्हणून मी वज्रदेशातच थांबतो.

जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि सरसकट चुनखडीच्या गुहा काढून मोकळे होतात. आपला दख्खनचा खडक काळा बसाल्ट, लाव्हाच्या थरांवर थर. त्यात लांबच लांब नैसर्गिक गुहा सहसा मिळत नाहीत. पण कोरलेली लेणी मिळतात, कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात आहेत तशी. किल्ल्यावरची खांबटाकी मिळतात. आणि हरिपूरच्या हळदीच्या पेवांसारखी गोष्ट मिळते, जी मला कुठल्याही तळघरापेक्षा जास्त आवडते. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली मोठं पोट, आत हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं माल टिकायचा. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उडी मारत नाही; हवा कोंडलेली असते, आधी तोंड मोकळं ठेवायचं, दिवा सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं.

आता हे रत्नपुरात बघा. एका मोहल्ल्याखाली चाळीस-पन्नास पेवं, काहींच्या भिंती चोरांनी आतून फोडून एकमेकींना जोडलेल्या. मशाल मिणमिणली की खेळाडूंनी कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या तग धरण्याच्या ताकदीचा, फासा टाकायचा. वरून पूर चढतोय, पुलावर चौदावी खूण झालीये. कोण कुणाच्या हळदीखाली काय पुरून गेलंय, हे तुम्हीच ठरवा. राक्षस नसला तरी चालेल अशी जागा आहे ही.

डोंगराकडे परत येऊ, कारण घाटवाटांशिवाय आडकडा म्हणजे नुसती भिंत. भिंतीला मोजकीच दारं ठेवा: एक गाडी जाईल असा रुळलेला घाट, एक बैलांच्या तांड्यापुरती वाट, आणि एक निसणीची वाट, जिथे हात-पाय चारही लागतात. गाडीघाटावर जकात, तांड्याच्या वाटेवर मिठाचे व्यापारी आणि लुटारू, निसणीच्या वाटेवर फक्त जंगलातली माणसं. खालून मीठ आणि सुकी मासळी वर येते, वरून धान्य खाली जातं. पार्टीपुढे आता निवड आहे. जड चिलखतवाला योद्धा आणि त्याचा घोडा निसणीनं उतरणार कसा, यावर माझ्या टेबलावर अख्खी संध्याकाळ गेलेली आहे, आणि कुणीही कंटाळलं नव्हतं.

किल्ला दारावर बसवा. नवखे गेम मास्टर सगळ्यात उंच शिखरावर किल्ला काढतात, कारण चित्रात तो छान दिसतो. प्रतापगड १६५६ मध्ये बांधला गेला तो पार घाटाच्या उरावर आणि जावळीच्या खोऱ्यावर नजर ठेवायला. १६५९ मध्ये अफजलखान वाईच्या मोकळ्या मुलखातून त्या खोऱ्यात उतरला, तेव्हा हत्ती, तोफा आणि घोडदळ यांचा जोर जंगलानंच अर्धा करून टाकला होता. पूर्वेकडे वर्धनगड आणि महिमानगड बघा, दोन्ही सातारा-पंढरपूर वाटेच्या कडेला. वासोटा उलट: दाट जंगलात, कुठल्याच रहदारीच्या वाटेवर नाही, आणि म्हणूनच तिथे कैदी ठेवत. किल्ला काढलात की त्याच्यापुढे तो कशावर डोळा ठेवतो एवढं एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर किल्ला खोडा.

कास-बामणोलीकडे गेला असाल तर सडा पाहिला असेल. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा सपाट, उघडा खडक; पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी आणि फुलांचा गालिचा, त्यातली काही झाडं चक्क किडे खाणारी; उन्हाळ्यात तोच सडा तव्यासारखा. वज्रदेशात असा एक सडा जरूर ठेवा, कारण ऋतूप्रमाणे दोन वेगळ्या जागा नकाशाच्या एकाच षटकोनी घरात मिळतात. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, हा निसर्गाचा हिशेब तर कुठल्याही जादूच्या विधीला आयता आहे.

कोरड्या माळावर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन, आणि तिथली मेंढपाळ माणसं आधी उभी करीन. आपल्याकडे पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांतले धनगर पावसाळ्यात आपल्या कोरड्या रानात असतात, कारण पश्चिमेच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर घालून चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात जातात, आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला माघारी फिरतात. वाटेवरचे शेतकरी रान मोकळं झालं की मेंढरं बसवून घेतात, खत मिळतं, बदल्यात धान्य देतात. आणि पीक उभं असताना कळप शिरला की काठ्या निघतात. अशा एका वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाबरोबर, तुमची पार्टी चालू द्या. देशातल्या सगळ्या घाटांची, पाणवठ्यांची आणि भांडकुदळ पाटलांची माहिती त्यांच्याकडे असते. राजाच्या नकाशात निम्मीही नसते.

सीमा सरळ रेषेत ओढू नका, नदीच्या काठानंही नेहमी नको. संस्थानी काळातली सांगली आठवा: मिरज प्रांत इथे, मंगळवेढे पंढरपूरच्या बाजूला, शहापूर बेळगावला चिकटून, तेरदाळ आणि शिरहट्टी आणखी दक्षिणेला. औंधचं तेच, आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, मधे इतरांचा मुलूख. वज्रदेशाचा सरंजामदार स्वतःच्याच दोन परगण्यांमध्ये जाताना तीन जणांना जकात देतो, असं केलं की फरारी आरोपी, तस्कर आणि खोटे शिक्के यांना पेव फुटतं. भाषाही सीमेवर तुटत नाही. जतकडे जाताना मराठीत कानडी मिसळत जाते, तशी ती विरत जाऊ द्या. जेवणही: आडकड्याच्या पायथ्याला भात आणि नाचणी, मधल्या खोऱ्यात गूळ, पूर्वेला बाजरीची भाकरी. खानावळीतलं ताट सांगितलं की पार्टी कुठे आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

नावांबद्दल दोनच ओळी. मृत्यूवन, अंधारदुर्ग असली नावं तिथे राहणारी माणसं कधीच देत नाहीत. चिंचटेक, दगडघाट, शेजारी-शेजारी एक खुर्द आणि एक बुद्रुक, झालं.

देश केवढा? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत साधारण चालीनं दिवसाला २४ मैल धरतात, म्हणजे अडतीसेक किलोमीटर, आणि अवघड रानात त्याच्या निम्मे. तीन हजार किलोमीटर म्हणजे सपाटीवरसुद्धा सलग अडीच महिन्यांची चाल. ती कुणीच खेळत बसत नाही, म्हणून तुमचे खेळाडू ‘पोचलो’ म्हणतात. हे २४ मैलही मला जास्तच वाटतात. माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात. कधी दहा किलोमीटरच्या आत, कधी वीसच्या आसपास. म्हातारेकोतारे, सामान आणि जनावरं बरोबर असली की माणसांचा जथा एवढाच चालतो. सैन्य आणि तांडे यांना हीच चाल लावा, चार जणांच्या पार्टीला नियमातली.

सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटर, सांगली ८,५७२. दोन्ही मिळून एकोणीस हजारांच्या वर. नेहमीचे सहा मैलांचे षटकोन घेतले तर एक षटकोन ऐंशी चौरस किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे सगळे मिळून सव्वादोनशेच्या वर. वज्रदेश एवढाच करा. यात अतिवृष्टीचं जंगल, सडा, घाट, संगम, पुराचं शहर, कोरडा माळ आणि दुसऱ्या भाषेचा मुलूख, सगळं बसतं हे तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दोन वर्षं आठवड्याला खेळलात तरी सगळी घरं उघडणार नाहीत.

एक कळीचा मुद्दा जादूचा. पाणी निर्माण करणारा मंत्र पहिल्याच पातळीच्या पुरोहिताला येत असेल तर दुष्काळ राहतो का? एक पुरोहित चार-दोन घागरी भरतो, त्यात तालुका जगत नाही. पण वेढा पडलेला किल्ला जगतो. म्हणजे टाकी फोडून किल्ला घेता येत नाही, आधी पुरोहित फोडावा लागतो. क्षणात दूर नेणारे मंत्र मात्र लवकर देऊ नका, नाहीतर घाट, पूल आणि पूर सगळं पाण्यात. अगदी द्यायचेच तर ते काळ्या कातळातून चालत नाहीत असं ठरवा आणि आडकडा पुन्हा आडवा आला.

नकाशासाठी सॉफ्टवेअरच्या नादाला लागू नका. ते सुंदर काढतं आणि मग खोडवत नाही. आधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशाचा महाबळेश्वर-वाईच्या बाजूचा एखादा पट्टा समोर ठेवा आणि समोच्च रेषा बघा: जिथे दाटतात तिथे कडा, जिथे फाकतात तिथे पठार किंवा शेतं, जिथे इंग्रजी व्ही उलटा होऊन डोंगरात घुसतो तिथे ओढा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीनं आडकडा उचला, थोडा वळवा, म्हणजे सांगलीचा पोरगा ओळखणार नाही. रत्नपूरच्या भोवतीचे बारा-पंधरा षटकोन तपशिलानं भरा. बाकीच्यांत एक नाव आणि एक ऐकीव गोष्ट एवढंच लिहा; त्या गोष्टींतल्या निम्म्या खोट्या ठेवल्या तरी चालतील. किनारा तर आत्ता काढूच नका. पार्टीनं घाट उतरायचं ठरवलं की आदल्या रात्री काढता येईल.